पैसे नावाचे मोजता का कामाचे?

मागच्या अंकात म्हणलं होतं, मोबाईल, लॅपटॉप, एसी घेताना "कोणती कंपनी चांगली" हा एक प्रश्न सोडून काहीबी विचारा. तरी निम्म्या पत्रांत तोच आहे. असू द्या. सोयाबीनचे पैसे हातात आले की दुकानात गर्दी, मग घरात भांडण, मग मला पत्र, असं चालूच असतंय. पहिल्या पत्राला जागा जास्त गेलीय, बाकीच्यांनी राग धरू नका.

प्रश्न : सर, पोरीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, कॉम्प्युटर ब्रँच. बजेट पंचेचाळीस हजार, लई ओढूनताणून पन्नास. इथं गंजगोलाईकडं एका दुकानात दोन लॅपटॉप दाखवले. दोन्हीवर रायझन ५ लिहिलंय, दोन्ही ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. एक अडतीसला, दुसरा सेहेचाळीसला. दुकानदार म्हणला आत सगळं सेमच आहे, वरचे आठ हजार कंपनीच्या नावाचे. खरंय का? स्टिकरचे फोटो जोडलेत.
– एक पालक, लातूर

उत्तर : भाऊ, फोटो पाठवलेत ते लई बरं केलं, कारण सगळी गंमत त्या बारीक अक्षरात आहे. अडतीसवाल्यावर प्रोसेसरचं नाव रायझन ५ ७५२०यू लिहिलंय आणि सेहेचाळीसवाल्यावर रायझन ५ ७५३०यू. फरक एका आकड्याचा. दुकानदारानं कदाचित वाचलंही नसंल, मी त्याला खोटारडा म्हणत नाही. पण या नावात पहिला ७ म्हणजे २०२३ ची मालिका, दुसरा ५ म्हणजे रायझन ५ चा दर्जा, आणि तिसरा आकडा सांगतो की आतलं डिझाइन कोणत्या पिढीचं आहे. २ म्हणजे झेन २, जे पहिल्यांदा २०१९ ला बाजारात आलं. ३ म्हणजे त्याच्या पुढचं झेन ३. पहिल्यात चार कोर, म्हणजे काम ओढणारे मेंदू, दुसऱ्यात सहा. ट्रॉलीला नवा रंग दिलाय, पण खाली एक्सल जुनंच.

आता त्याच्याहून महत्त्वाचं. ७५२०यू सोबत जी रॅम येते ती एलपीडीडीआर५ जातीची, ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते, काढता येत नाही की वाढवता येत नाही, म्हणजे आज ८ घेतली तर पोरगी फायनल इयरला जाईस्तोवर ८च, आणि कॉम्प्युटर ब्रँचला एकीकडं ब्राउझरमधे वीस टॅब, दुसरीकडं कोडिंगचं सॉफ्टवेअर, वरून मोबाईल ॲप बनवायचं प्रोजेक्ट असलं की ८ मधे दम लागतो. ७५३०यू च्या बऱ्याच मॉडेलांत रॅमचा स्लॉट असतो, सगळ्यांत नाही. म्हणून दुकानात एवढंच विचारा, "स्लॉट मोकळा आहे का, अन् किती जीबीपर्यंत चालतंय?" आज ८ वर भागवा, पुढच्या वर्षी अजून ८ टाका. तुमच्या केसमधे वरचे आठ हजार नावाचे नाहीत, कामाचे आहेत.

इंटेल बघणार असाल तर तिथं वेगळी गंमत. आय५ १३३५यू वर "१० कोर" असं मोठं लिहिलेलं असतं. त्यातले मोठे कोर दोनच, बाकीचे आठ बारके. दोन बैल आणि आठ गोऱ्हे धरा. १३४२०एच मधे एकूण आठच, पण त्यात चार बैल. जड कामाला एच बरा, पण तो गरम होतो अन् बॅटरी लवकर खातो. वर्गात दिवसभर चार्जरशिवाय बसायचं असेल तर यू. लेबलवरचा मोठा आकडा नेहमी चांगला नसतो एवढं ध्यानात असू द्या.

अजून एक, ऑर्डर द्यायच्या आधी लॅपटॉप दुकानाच्या दाराजवळ उजेडात उघडायला सांगा. ट्यूबलाइटखाली सगळे स्क्रीन चांगले दिसतात. २५० निट्सचा (म्हणजे उजेड कमी), ४५ टक्के एनटीएससीवाला (म्हणजे रंग कमी) पॅनल उजेडात कसा पांढरट पडतो ते तुमचे तुम्हीच बघा, चार वर्षं डोळे पोरीचे जाणारेत. आणि वॉरंटी ऑनसाइट आहे का कॅरी-इन ते विचारा, म्हणजे इंजिनिअर घरी येणार का तुम्हीच लॅपटॉप काखेत मारून बसनं संभाजीनगरला जाणार. "ऑल इंडिया सर्व्हिस" ह्या शब्दावर जाऊ नका, कंपनीच्या नंबरवर फोन करून आपला पिनकोड सांगा अन् काय म्हणतात ते ऐका.

कोणी सेकंडहँड पंधरा-अठरा हजारात सुचवलं तर प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचा आहे का बघा. त्याच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठव्यापासून पुढं चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ, दोघांत एक मोबाईल घ्यायचाय, पंधरा हजारापर्यंत. मी म्हणायलोय पोको घेऊ, प्रोसेसर भारी आहे. भाऊ म्हणायलाय विवो, कॅमेरा चांगला अन् दुकान गावात आहे. शेतात दुपारी फोन लई तापतो, मधेच हँग होतो, जुन्याचं तर असंच झालं. कोणती कंपनी तापत नाही?
– एक वाचक, जिंतूर तालुका, परभणी

उत्तर : दादा, तापत नाही अशी कंपनी अजून निघाली नाही. ॲपल, जी लाखाचा फोन विकते, तीसुद्धा सांगते की आमचा फोन ० ते ३५ डिग्रीत वापरा. परभणीत मे महिन्यात दुपारी काय तापमान असतंय ते मी तुम्हाला सांगायला नको. ३५ तर आपल्याकडं सकाळी साडेदहालाच होतं.

म्हणून यूट्यूबवर प्रोसेसरच्या वेगाचा जो स्कोर दाखवतात तो एसीच्या खोलीत बसून काढलेला असतो हे आधी ध्यानात घ्या. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळू नये म्हणून. ज्या फोनचा पहिल्या फेरीचा स्कोर भारी अन् दहाव्या फेरीला निम्मा, त्याच्यापेक्षा थोडा मंद पण दहाव्यालाही तसाच राहणारा बरा, जसं शर्यतीचं घोडं अन् नांगराचा बैल. रिव्ह्यू बघताना "थ्रॉटलिंग टेस्ट", म्हणजे तापल्यावर वेग किती पडतो त्याची चाचणी, एवढंच शोधून बघा, अनबॉक्सिंग बघत बसू नका. आणि फोनचं काळं जाड कव्हर शेतात काढून ठेवा, ट्रॅक्टरच्या बोनेटवर फोन ठेवू नका. हे फुकट आहे.

भांडणाचं म्हणाल तर पोको आलं शाओमीच्या घरातून, रेडमीची धाकटी बहीण. विवोच्या घरात आयकू (iQOO) आहे. ओप्पोच्या घरातून रिअलमी निघाली. एकाच घरातली एक पोर ऑनलाइन विकते अन् दुसरी गावातल्या काउंटरवर, तर कंपनीवरून भावाभावांनी अबोला धरण्यात काही अर्थ नाही. तुमच्या भावाचं "दुकान गावात आहे" हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. डिस्प्ले फुटला अन् पार्ट दोन दिवसांत जिंतूरला मिळाला तर त्याची किंमत स्कोरमधे कुठंच लिहिलेली नसते. उलट गावातलं दुकान बहुतेक वेळा तेच मॉडेल पुढं करतं ज्यात त्याला चार पैसे जास्त सुटतात, हेही खरं. तुम्ही घरून मॉडेलचं नाव ठरवून जा, तिथं जाऊन ठरवू नका.

दोन गोष्टी बॉक्सवर बघा. "८ प्लस ८ जीबी" लिहिलेलं असेल तर त्यातले मागचे ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले, ती खरी रॅम नाही, खरी पहिली. दुसरं, ५जी चे बँड, म्हणजे सिग्नल ज्या लहरींवर येतो ते पट्टे. जिओनं २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ घेतलं, म्हणजे एन२८ बँड. हा लांब जातो अन् भिंतीतून आतही येतो, म्हणून टॉवर दूर असलेल्या वस्तीवर कामाचा. तुमचं सिम जिओचं असेल तर यादीत एन२८ आहे का बघून घ्या. अन् अपडेट किती वर्षं ते विचारा. सॅमसंगनं गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या स्वस्तातल्या फोनला सहा वर्षांचं आश्वासन दिलंय, त्यामुळं "बजेट फोनला अपडेट नसतातच" असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. बँकेचं ॲप, पीकविम्याचं ॲप सगळं त्याच फोनवर असतंय ना.

प्रश्न : एसी घ्यायचाय, दीड टनाचा. थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमधे आठ हजाराचा फरक सांगतायत. मिस्टर म्हणतात एकदाच घ्यायचं तर जपानी कंपनीचा फाइव्ह स्टारच घेऊ. आम्ही फक्त रात्री झोपताना लावणार, तेही एप्रिल ते जून. लाइटीचा व्होल्टेज पण कमी-जास्त होतो.
– एक वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, लेबलवर जी वर्षाची युनिट लिहिलेली असतात ती १६०० तास चालेल असं धरून काढलेली असतात. समजा थ्री स्टारवर १००० लिहिलंय अन् फाइव्ह स्टारवर ८००. फरक २०० युनिट. पण तुम्ही समजा रोज चार तास, नव्वद दिवस लावणार, म्हणजे ३६० तास. मग तुमचा फरक उरतो ४५ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला साडेचारशे. आठ हजार वसूल व्हायला जवळजवळ अठरा वर्षं लागतील, तोवर एसी राहतोय का? तुमच्याकडं म्हातारं माणूस दिवसभर त्याच खोलीत असेल, रोज दहा तास, चार महिने, तर मात्र हिशोब पाच-साडेपाच वर्षांवर येतो अन् मी फाइव्ह स्टार म्हणेन. दुकानात जाऊन दोन्ही लेबलं बघा अन् हाच गुणाकार वहीत करा, मिस्टरांसमोर करा.

स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून मागच्या स्टॉकमधला फाइव्ह स्टार अन् आत्ताचा फाइव्ह स्टार सारखा नसतो. स्टार मोजू नका, खाली आयएसईईआर म्हणून आकडा असतो, म्हणजे तेवढ्याच विजेत किती थंडावा त्याचं माप, तो बघा, जितका मोठा तितकं बरं. आणि एसीची जी ताकद सांगतात ती बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेली. तुमचं बाहेरचं युनिट गच्चीवर पश्चिमेच्या उन्हात बसणार असेल तर "४३ डिग्रीला किती थंडावा देतो" हे माहितीपत्रकात शोधा. जपानी का देशी हा प्रश्न त्याच्या नंतरचा. माझं मत विचाराल तर अंबाजोगाईत त्या कंपनीचा माणूस बसवायला अन् गॅस भरायला कोण येतो, त्याचं नाव-नंबर आधी घ्या, कंपनी मग ठरवा.

व्होल्टेजचं म्हणाल तर "स्टॅबिलायझर लागत नाही" असं लिहिलेलं असतं, शेजारी किती ते किती व्होल्ट तेही असतं. एखाद्या वायरमनला रात्री नऊला, सगळी गल्ली जेवायला बसलेली असताना, मीटरनं तुमच्या घरातला व्होल्टेज मोजायला लावा. आकडा त्या हद्दीत नसेल तर स्टॅबिलायझर घ्या, काटकसर करू नका.

अन् न विचारता सांगतो. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा तीसेक. रोज पंधरा तास, तीनशे दिवस चालला तर एका पंख्यामागं दोनशे युनिट वाचतात. तुमच्या एसीचे स्टार वाढवून ४५ वाचत होते! शिवाय लाइट गेली की इन्व्हर्टरवर हे पंखे दुपटीनं चालतात.

प्रश्न : वडील म्हणतात टीव्ही जुन्या नावाच्याच कंपनीचा घ्या, आजकालच्यांचा भरवसा नाही. ऑनलाइन कोडॅकचा टीव्ही स्वस्त दिसतोय, ते नाव तर जुनं आहे.
– एक वाचक, बिडकीन

उत्तर : नाव जुनं आहे, टीव्ही बनवणारे वेगळे आहेत. भारतात कोडॅक अन् थॉमसनच्या नावानं टीव्ही काढते ती नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स, नाव वापरायची परवानगी घेऊन. यात फसवणूक काही नाही, पण तुम्ही फोटोच्या रोलवर ठेवलेला विश्वास टीव्हीवर ठेवू नका, टीव्ही टीव्ही म्हणूनच बघा. अन् तुम्ही तर बिडकीनचे, व्हिडिओकॉनच्या कारखान्याचं चितेगाव तुमच्या शेजारी. व्हिडिओकॉनच्या टीव्हीवर मराठवाड्यातल्या घरांचा किती जीव होता! तीच कंपनी २०१८ मधे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुनं नावही जातं हो, वडिलांना तेवढं हळू आवाजात सांगा.

माझंच सांगतो, मी सेलमधे एक मोठ्या नावाचा टीव्ही घेतला होता, चौदाव्या महिन्यात अर्धा स्क्रीन काळा. नव्या पॅनलची किंमत टीव्हीच्या किंमतीपेक्षा नऊशे रुपयांनी कमी निघाली. तेव्हापासून कोणताही टीव्ही घ्यायच्या आधी पॅनल बदलायला किती लागतात ते मी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारतो, अन् ते उत्तर द्यायला जितकं टाळतात तितकं मला कळतं. वॉरंटीत असताना कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंही नाही झालं तर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असो का गुरुग्रामची, अन् पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. बिल मात्र पाहिजे, कच्ची चिठ्ठी नको.

प्रश्न : बसस्टँडवर पाचशे रुपयाला २०००० एमएएचची पॉवर बँक मिळायलीय. घेऊ का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बाळा, खऱ्या २०००० वालीतूनसुद्धा फोनला बारा हजार एमएएचच्या आसपासच मिळतात, आतला ३.७ व्होल्ट ५ व्होल्टवर चढवावा लागतो म्हणून. चांगल्या कंपन्या तो आकडाही बारीक अक्षरात छापतात. तुझीवर छापलाय का बघ. नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेव. एवढ्या सेलचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या खाली सहसा जात नाही. दीडशे भरली तर गुपचूप परत दे, अन् त्याच काट्यावर पावशेर शेंगदाणे घे, बसमधे खायला.