बदलीवर अमळनेरला आलात तर

पहिले दोन महिने जीव रमणार नाही, हे धरूनच चाला. उन्हाळ्यात दुपारी बाजारात अर्धी शटरं खाली, आत कूलरची घरघर अन् गादीवर पेंगणारा दुकानदार. गाव मेल्यासारखं वाटतं. पण खरा कंटाळा उन्हाचा नसतो. दर शनिवारी बॅग भरून पळणाऱ्याला गाव कळतच नाही (मीही वर्षभर तेच केलं). चार रविवार थांबा. हिवाळ्यात कोणी शेतात भरताला बोलावलं तर जाच: कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेलं भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. वैशाखात बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा बघा. आणि इथली बोली, अहिराणी, थोडी शिका. 'काय चालू शे भाऊ?' म्हटलं की चहावाला बाकावर सरकून जागा करतो.