दहा ठिकाणी एकेक चार्जर की दोन ठिकाणी चार-चार गन?

तुम्ही इथे मांडलेला बेत थोडक्यात असा: सहा मित्र, मिळून दीड कोटी रुपये, पुण्याभोवती दहा जागांवर इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ६० किलोवॅटचा एकेक फास्ट चार्जर. कमी पडलं तर ओळखीच्यांकडून १२ टक्क्यांनी ठेवी घ्यायच्या. मी पुणे परिसरात उच्चदाब-लघुदाब वीजजोडण्यांची कामं करतो आणि अलीकडे त्यात चार्जिंग स्टेशनची कामं बरीच असतात. तुम्ही या धंद्यात उतरावं असं मला मनापासून वाटतं. पण दहा जागांचा आग्रह सोडा. याच पैशात दोन जागा करा आणि प्रत्येक ठिकाणी चार गन (गाडीला लावायचे केबलवाले प्लग) बसवा.

आधी हिशेब बघा. ६० किलोवॅटचं मशीन महिनाभर अखंड चाललं तर ४३,२०० युनिट देईल. प्रत्यक्षात नव्या जागेवर त्याचा वापर ५ टक्के झाला तरी सुरुवात बरी म्हणायची, म्हणजे महिन्याला २,१६० युनिट. ग्राहकाकडून जीएसटीसकट युनिटला २१ रुपये घेतले असं धरू. चार्जिंग सेवेवर जीएसटी १८ टक्के आहे (मशीन विकत घेताना मात्र ५ टक्केच), तो काढला की १७.८० उरतात. त्यातून विजेचं बिल, स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा भरावा लागणारा), मशीनमधली ५-६ टक्क्यांची घट आणि ॲपवाल्याचं कमिशन वजा केलं की हातात साधारण ६ रुपये राहतात. म्हणजे महिन्याला १२,९६० रुपये. दीड कोटी दहा जागांत वाटले तर एका जागेवर १५ लाख, आणि १२ टक्क्यांनी त्याचं नुसतं व्याज महिन्याला १५,००० होतं. जागेचं भाडं, रखवालदार, इंटरनेट, दुरुस्ती यांतलं काहीच अजून धरलेलं नाही. दर आणि आकडे तुमच्या कोटेशनप्रमाणे बदलून बघा, चित्र फारसं बदलणार नाही.

वापर वाढवायचा तर गाडीवाल्याचा भरवसा मिळवावा लागतो, आणि एका गनच्या जागेवर तो बसत नाही. रविवारी संध्याकाळी कोल्हापूरहून परतणारं कुटुंब साताऱ्याजवळ पोहोचतं तेव्हा बॅटरी ११ टक्क्यांवर असते. गन एकच आहे आणि तिला लागलेली गाडी ८३ टक्क्यांवर. ८० च्या पुढे बॅटरी स्वतःच वेग कमी करते. आधी ५० किलोवॅटने घेणारी गाडी आता १५-२० ने घेते, आणि मालक तर जेवायला गेलेला. मुलं मागच्या सीटवर कंटाळलेली, पुढचा चार्जर ॲपवर हिरवा दिसतोय पण फोन केला तर बंद. हे कुटुंब त्या जागेवर पुन्हा येत नाही आणि दहा जणांना सांगतं. दोन गनचं ६० चं मशीन घेतलं तरी दोन गाड्या लागल्या की बहुतेक मशीन प्रत्येकीला ३० देतं. चार गन असल्या तर एक बंद पडूनही गाडी खोळंबत नाही.

जागा निवडताना पुणेकर एक गोष्ट नेमकी विसरतात: पुण्याहून निघणारी गाडी घरून भरलेली असते. खेड शिवापूरला तिला काही नको असतं. दोन-अडीचशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला जाताना कराड-कोल्हापूरकडे चार्जर लागतो आणि येताना साताऱ्याच्या आसपास. मुंबईहून कोल्हापूर-गोव्याकडे जाणाऱ्यांनाही साताऱ्यालाच थांबावं लागतं. म्हणून महामार्गावर एक जागा करायची तर ती तिथे. दुसरी शहरातच करा, पण वाकड-हिंजवडीच्या चकचकीत मॉलमध्ये नको. ज्यांच्या सोसायटीत पार्किंगला वीज घ्यायची सोय नाही आणि ज्या टॅक्सी दिवसभर फिरतात, ते तुमचे रोजचे गिऱ्हाईक. विमानतळाकडच्या बाजूला, खराडी-विमाननगर पट्ट्यात टॅक्सीवाल्यांना रात्री थांबता येईल, चहा आणि स्वच्छतागृह मिळेल अशी जागा शोधा. महामार्गावरची गर्दी शनिवार-रविवारची असते, टॅक्सीवाला मात्र मंगळवारीही येतो.

आता वीज, म्हणजे जिथे खरा वेळ जातो. चार्जिंग स्टेशनला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दरवर्गही आहे. अडचण असते ती तारेची. महापालिका हद्दीत १५० किलोवॅटपर्यंत लघुदाबावर भागतं. त्याच्या वर गेलात की उच्चदाब जोडणी, स्वतःचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), विद्युत निरीक्षकांची मंजुरी असं सगळं मागे लागतं. म्हणून शहरातल्या जागेसाठी माझी शिफारस अशी: १२० किलोवॅटची दोन मशीन, प्रत्येकी दोन गन, पण करार मागणी (महावितरणकडून मंजूर करून घ्यायचा कमाल भार) १५० च्या आत, आणि एकूण भार त्यापुढे जाऊ न देणारी भारनियंत्रणाची सोय मशीनमध्येच. ही मर्यादा अर्जात लिहून मंजूर करून घ्या. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आज ५०-६० च्या आसपासच घेतात, त्यामुळे चारही गन लागल्या तरी कोणी फार रखडत नाही. मात्र चाकणमध्ये तयार होणारी महिंद्राची बीई ६ मोठ्या बॅटरीत १७५ किलोवॅटपर्यंत घेते. तेव्हा चर खोदतानाच जादा पाइप टाकून ठेवा, पॅनेलमध्ये जागा सोडा. चर दुसऱ्यांदा खोदणं फार महाग पडतं.

केबलचा मार्ग जागा बघायला जाल त्याच दिवशी चालून बघा. जवळची डीपी (महावितरणचं वस्तीतलं रोहित्र) पन्नास मीटरवर दिसते, पण तिच्यावर भार शिल्लक नसतो आणि मोकळा फीडर (भार शिल्लक असलेली वीजवाहिनी) निघतो रस्त्यापलीकडे. मग महापालिकेची खोदाई परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचं मीटरमागचं शुल्क आलं. पावसाळ्याच्या तोंडावर खोदाईला बंदी येते, म्हणजे एप्रिलमध्ये हललेली फाइल थेट दिवाळीकडे जाते. मशीन गोडाऊनमध्ये, वॉरंटी चालू, हप्ता चालू. महावितरणला १.३ टक्के देखरेख आकार भरून काम आपल्या परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेता येतं. माझा अनुभव असा की वेळ वाचवायला हाच मार्ग बरा.

पैसा कुठून आणायचा? ठेवींचा विचार आजच सोडा. भागीदारांच्या नातेवाईकांनी फर्मला दिलेलं कर्ज वेगळं, आणि सोसायटीतल्या पन्नास जणांकडून व्याजाच्या बोलीवर घेतलेली ठेव वेगळी. दुसऱ्या प्रकाराला २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा लागतो, शिवाय ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आहेच. महाराष्ट्रात ठेवी बुडून किती घरं उद्ध्वस्त झाली हे तुम्हालाही ठाऊक आहे, त्या वाटेला जाऊच नका. लोकांना सामील करून घ्यायचं तर कंपनी काढून भागधारक करा. खासगी वाटपात (निवडक लोकांनाच शेअर देण्यात) एका आर्थिक वर्षात २०० जणांपर्यंत मर्यादा आहे, ती तुम्हाला पुरून उरेल. नेदरलँड्सची फास्टनेड ही चार्जिंग कंपनी २०१२ मध्ये सुरू झाली. तिने महामार्गावरच्या २०१ थांब्यांचे हक्क आधी मिळवले आणि मग सामान्य गुंतवणूकदारांना रोखे विकत नेटवर्क वाढवत नेलं. तो क्रम महत्त्वाचा आहे: हातात जागा आली, मग पैसे मागितले.

अनुदानावर हिशेब बेतू नका. फेम-२ या केंद्राच्या इलेक्ट्रिक वाहन अनुदान योजनेतले ८०० कोटी २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जिंग स्टेशनसाठी मंजूर झाले. त्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवले आहेत. मिळालं तर उत्तम, पण ते धरून हप्ता ठरवू नका. यातून दुसरी गोष्ट समजून घ्या. पेट्रोल पंपावर तुमच्या शेजारी स्वस्तात उभं राहिलेलं मशीन असणारच आहे. तुम्ही त्याच्यापेक्षा सरस ठराल ते चालू राहण्यात.

त्यासाठी दोन गोष्टींवर पैसे खर्च करा. एक, छप्पर. पुण्याच्या पावसात उघड्यावर गन हाताळायला लोक बिचकतात, आणि स्क्रीन उन्हात वाचता येत नाही. दोन, सुटे भाग. मशीनमध्ये ३०-४० किलोवॅटचे पॉवर मॉड्यूल असतात. एक जादा मॉड्यूल आणि एक जादा गन-केबल आपल्या कपाटात हवी, नाहीतर कंपनीचा माणूस येईपर्यंत आठवडा जातो. हवेचे फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला साफ करा, महामार्गालगतच्या धुळीने ते चोंदतात आणि मशीन तापून वेग कमी करतं. अमेरिकेत तर केंद्राच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या चार्जरना वर्षभरात ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अटच घातली आहे. तुमच्या पुरवठादाराच्या करारात तोच आकडा घाला, आणि तो पाळला नाही तर दंडही लिहा.

जागेचा करार किमान दहा वर्षांचा हवा, त्यात केबल आणि पॅनेल तुमच्या मालकीचं हे स्पष्ट हवं, आणि वीजजोडणी तुमच्याच नावावर. भाड्याऐवजी युनिटमागे वाटा द्यायचा प्रयत्न करा. सरकारी जागांसाठी केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत युनिटला १ रुपया सुचवला होता, तिथून बोलणी सुरू करता येतील. टोकन देण्याआधी महावितरणच्या उपविभागात त्या जागेचा भार लेखी विचारून घ्या. कागद आला की इथे टाका, एस्टिमेट मी तपासून देतो.