पुस्तक एक, मुलं तेवीस

प्रश्न : ताई, आमच्या गावाजवळ साखर कारखान्याचा गाडीतळ, म्हणजे ऊसतोड टोळ्यांच्या मुक्कामाची जागा, आहे. तिथल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आम्ही संध्याकाळी वर्ग चालवतो. मुलं तेवीस, वयं सहा ते तेरा. एका दात्याने दोन टॅब आणि भिंतीवरचे तक्ते दिले आहेत. तरी तीन महिन्यांत ठरवलेला निम्मा अभ्यासक्रमही झालेला नाही. साहित्य अजून वाढवावं का?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : वाढवण्याआधी एक सांगा, पाठ्यपुस्तक कितीजणांकडे आहे? मला वाटतं, तुमच्या हातात एक आहे, तेवढंच. बालभारतीची मोफत पुस्तकं जूनमध्ये गावच्या शाळेत मिळतात. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कोयता घेऊन निघतं आणि ट्रकमध्ये भांडी, शेरडं, पत्रे चढतात. पुस्तक आजीकडे फळीवर राहतं. 2023-24 मध्ये पुस्तकं चार भागांत आली, तेव्हा मी लगेच आयांना सांगितलं, पुढचे दोन भाग तरी पिशवीत टाका. काहींनी टाकले.

मी अकरा हंगाम असाच वर्ग घेतला. पहिल्या हंगामात माझ्याकडेही एकच पुस्तक होतं, त्यामुळे शिकवणं एकाच पद्धतीचं : मी वाचणार, सगळी म्हणणार. पण तळावर रोज तीच मुलं येत नाहीत. आईबाप पहाटे फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, गेले की धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी कोपीत, त्यांच्या झोपडीत, राहते. ती चार दिवसांनी आली की मी तोच धडा परत घ्यायची, आणि रोज येणारी पोरं जांभया द्यायची. जानेवारी उजाडला तरी आम्ही पाचव्या धड्यावरच होतो. माझाही दोष होताच, आळशीपणाचा नव्हे, हट्टाचा.

दुसऱ्या हंगामात लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर धडे उतरवले, एका पत्रिकेवर एकच गोष्ट, वर क्रमांक. ज्याचा जो क्रमांक झाला, त्याच्या पुढचा तो उचलणार. वर्ग चुकलेली मुलगी आपल्या जागेवरून पुढे जाऊ लागली. कडेवर बाळ घेऊन एका हाताने कार्ड धरता येतं, मोठी वही धरता येत नाही, हे मला तिथेच कळलं. खरं तर ही युक्ती जुनी आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे वापरले आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. जिथे मूल, तिथे शाळा. मग सामानही उचलून नेता येण्याजोगं हवं.

गणिताला मी उसाच्या गाडीच्या वजनपावत्या घेतल्या. भरलेली गाडी 3215 किलो, रिकामी 780, मग ऊस किती? 2435 हे उत्तर काढायला हातच्याची वजाबाकी लागते, आणि ती मुलं एका आठवड्यात शिकली, कारण पावती बापाच्या खिशातली होती. पुस्तकातल्या आंब्यांवर हीच गोष्ट शिकवायला मला महिना गेला होता. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, हेही एक मुलगा मांडू लागला. ती उचल देणाऱ्या मुकादमाला ते फारसं रुचलं नाही, तो भाग वेगळा.

टॅब ठेवा, पण गोष्टी ऐकायला. कोपीत वीज नसते, चार्जिंगच्या भरवशावर अभ्यासक्रम टांगू नका. तक्ते तर वाऱ्याने फाटतील.

आता काय कराल? तुमच्या ठरवलेल्या धड्यांमधले वाचन आणि गणिताच्या चार क्रिया यांचेच धडे निवडा, बाकीचे सोडा. प्रत्येक धड्याची दोन-तीन कार्डं करा. दाता विचारेल तर त्याच्याकडून पुठ्ठा, जाड पेन आणि प्लास्टिकच्या पिशव्या मागा. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की प्रत्येक मुलाच्या शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून मिळणारं कार्ड) त्याची उरलेली धड्यांची कार्डं पिशवीत बांधून द्या आणि शेवटचा झालेला क्रमांक पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. गावच्या गुरुजींना तो दिसला पाहिजे.