रंगाचा ‘फ्लो’ : पसरणे की ओघळणे?

प्रश्न असा आहे : रंगाच्या माहितीपत्रकातल्या ‘वनस्पती तेलापासून बनवलेले फ्लो कंट्रोल पॉलिमर’ याला मराठीत ‘प्रवाह-नियंत्रक’ म्हणावे का?

म्हणू नये. रंगकामात ‘फ्लो’ या एकाच शब्दाखाली दोन गोष्टी येतात आणि मराठीत त्यांना वेगळी क्रियापदे आहेत. ब्रशचे फराटे मिटून थर सपाट होतो, ते पसरणे. दारावरचा ओला थर खाली सरकतो, ते ओघळणे. पहिले हवे असते, दुसरे टाळायचे असते.

तेलेही त्यानुसार वेगळी. जवसाचे तेल हवा लागू न देता ३०० अंशांच्या आसपास तापवले की रेणू एकमेकांना जोडले जाऊन ते दाट होते. हे स्टँड ऑइल. तैलरंगात घातले की फराटे छान मिटतात. मात्र थर जाड दिला तर ओघळतो. स्टँड ऑइलला ‘पसरणकारक’ म्हणावे.

एरंडेलाचे काम उलटे. त्यात हायड्रोजन जोडला की ८५ अंशांच्या आसपास वितळणारे कडक मेण मिळते. काटेकोरपणे हे पॉलिमर नव्हे, पण रंगात त्याच्या सूक्ष्म तंतूंचे जाळे बनते. ब्रशने ते मोडते, हात थांबला की पुन्हा जुळते. म्हणून याला नुसते ‘घट्ट करणारे’ म्हणणे चूक : घट्ट रंग ब्रशखालीही घट्टच राहतो. ‘ओघळरोधक’ हा नेमका शब्द.

या मेणाचे प्रमाण रंगाच्या एकूण वजनाच्या ०.२ ते १ टक्का. रंगातला द्रावक मिनरल टर्पेंटाइन असेल तर साधारण ४० ते ५५ अंशांवर जोरात घोटतात. झायलीन हा द्रावक असेल तर तापमान कमी ठेवतात. रंग गार राहिला तर जाळे बनतच नाही. जास्त तापला तर मेण विरघळते आणि निवताना त्याचे दाणे पडतात, ते सुकलेल्या थरावर बोटाला लागतात. ढवळणे थांबवून निववला तर डब्यात जेलीसारखे गोळे होतात. बी-४ कपातून (तळाशी छिद्र असलेला, रंगाचा दाटपणा मोजायचा कप) रंग वाहून जायला लागलेल्या सेकंदांवरून ओघळ कळत नाही. त्यासाठी वाढत्या खाचांच्या पट्टीने वेगवेगळ्या जाडीचे पट्टे ओढून कार्ड लगेच उभे करावे लागते.

पत्रकात ‘लेव्हलिंग’ असेल तर पसरणकारक, ‘सॅग’ असेल तर ओघळरोधक लिहावे. दोन्ही असतील तर दोन्ही लिहावेत.