सगळ्यांनी एकदम खाडा केला, आता काय करू?

"मॅडम, ३८ पैकी २९ जण आले नाहीत. फोन बंद. यामागं कोण आहे तेवढं कळलं, की मी मोकळा."

भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणारा कारखाना, चालवणारे गृहस्थ खुर्चीत नीट टेकायच्या आतच बोलायला लागले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तीन रात्री झोप नव्हती. पगार सात तारखेच्या आत, दिवाळीला बोनस, घरात लग्न निघालं की उचल; एवढं करून माणसं उलटली, हे त्यांना फार लागलं होतं.

छोट्या कारखानदारांकडून ही काळजी मी नेहमी ऐकते. एकट्यादुकट्याच्या खाड्याला आजारपण, गावची जत्रा, दारू, काहीही कारण असतं. पालख्या पुण्यात आल्या किंवा छठपूजा जवळ आली की पाळीत माणसं कमी पडतात, पण तेव्हा बहुतेक जण आधी सांगून जातात. न सांगता सगळे एकाच दिवशी गायब झाले, की मी एवढंच विचारते: आदल्या कामाच्या दिवशी काय घडलं?

"काही नाही, नेहमीचंच."

माणसं शुक्रवारी आली नव्हती. गुरुवार भोसरीतली साप्ताहिक सुट्टी, म्हणजे बुधवार. बुधवारची सकाळ मी त्यांना तासातासानं सांगायला लावली. साडेअकरापाशी ते अडखळले. एका पोराचं बोट प्रेसखाली गेलं होतं. बावीस-तेवीसचा, लातूरकडचा. त्याला लगेच दवाखान्यात नेलं, खर्चही यांनीच केला.

"आणि मशीन?"

बराच वेळ ते खालीच बघत होते. "सुताच्या चिंध्यांनी डाय, म्हणजे साचा, पुसून घेतला. माल न्यायला टेम्पो उभा होता हो. वीस मिनिटांत दुसऱ्याला बसवलं."

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ती चालू नये, म्हणजे हात आत राहत नाही. टार्गेट गाठायला एक बटण लाकडाची चिप ठोकून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, यांनाही. हे सांगताना त्यांचा आवाज गेला. रक्त पुसून झाल्यावर त्या जागी बसलेल्या दुसऱ्या माणसाला काय वाटलं असेल, हे त्यांनी तोवर मनात येऊच दिलं नव्हतं.

सल्लागारानं त्यांना आठ दिवसांचा पगार कापायला सांगितलं होतं. दहा किंवा अधिक कामगार ठरवून, नोटीस न देता गैरहजर राहिले तर तशी तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मी वकील नाही. पण त्याच कलमात 'वाजवी कारणाशिवाय' असेही शब्द आहेत, ते मी त्यांना मोठ्यानं वाचायला लावले. यामागं कोण, हा प्रश्न त्यानंतर त्यांनी काढला नाही.

आधी त्या जखमी मुलाच्या खोलीवर जा, मॅनेजरला न घेता, एवढंच मी सुचवलं. ते गेले. तिथं आणखी तिघं बसले होते, एक जण पीठ मळत होता. कुणी भांडलं नाही, चहा दिला. जुना ऑपरेटर म्हणाला, "साहेब, तेवढी पाळी मशीन बंद ठेवायला हवं होतं. बाकी आमचं काही नव्हतं."

ईएसआयकडे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेकडे, अपघात कळवायचा राहिलाच होता, तो कळवला. कामावरच्या दुखापतीत बरं होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो, हे त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. चिप काढली. दोन्ही बटणं तपासून होईपर्यंत ती प्रेस बंद राहिली. सोमवारी २५ जण आले. चौघं परत आले नाहीत.

दोन बटणांनी काम केलं की तासाचे नग कमी निघतात. टार्गेट किती उतरवायचं यावर अजून एकमत नाही. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते कामगारांबरोबर बसतात. गेल्या वेळी दोन तास वाद झाला, असं त्यांनी परवा फोनवर सांगितलं.