अमेरिकेत डीईआयचे विरोधक इस्रायलच्या बाजूने आणि समर्थक पॅलेस्टाइनच्या बाजूने, असं का दिसतं?

अशी वाटणी दिसते हे खरं, पण ती जुनी नाही आणि पक्कीही नाही. विद्यापीठांत, नोकऱ्यांत मागे राहिलेल्या गटांना जागा मिळावी म्हणून आखलेली धोरणं, म्हणजे डीईआय (डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लूजन: वैविध्य, समन्याय, समावेश). त्यांची आणि गाझाच्या युद्धाची गाठ, माझ्या मते, ५ डिसेंबर २०२३ला वॉशिंग्टनमध्ये घट्ट बसली.

त्या दिवशी हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या अध्यक्षा प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर होत्या. हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली होती, गाझावर बॉम्ब पडत होते, कॅम्पसवर घोषणा चालू होत्या. रिपब्लिकन खासदार एलिस स्टेफानिक यांनी विचारलं, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांविरुद्ध आहे की नाही? संदर्भावर अवलंबून आहे, असं उत्तर आलं. कायद्याचा काथ्याकूट केला तर ते बरोबरही ठरेल, पण ज्यू विद्यार्थ्यांना ते ऐकून काय वाटलं असेल? पेनसिल्व्हेनियाच्या लिझ मगिल यांनी चार दिवसांत राजीनामा दिला. हार्वर्डच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षा क्लॉडिन गे २ जानेवारीला पायउतार झाल्या. त्यांच्यावर वाङ्मयचौर्याचेही आरोप होते.

टीकाकार म्हणाले, एरवी शब्दाशब्दाला जपणारी विद्यापीठं ज्यूंच्या वेळी गप्प बसतात, कारण डीईआयच्या हिशेबात ज्यू बलवानांत मोडतात. या टीकेत तथ्य आहे. पण म्हणून धोरणच मोडीत काढा, हे मला पटत नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना हात देणारे कितीतरी उपक्रम याच नावाखाली चालतात.

इतिहास तर आणखी गुंतागुंतीचा आहे. १९२२मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला होता. त्या आठवणीमुळे कोटा म्हटलं की अनेक ज्यू संघटना बिथरत. १९७८च्या, प्रवेशातल्या राखीव जागांवरच्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यात अमेरिकन ज्यूइश कमिटी वंशाधारित प्रवेशाच्या विरोधात उभी होती. २००३च्या ग्रुटर खटल्यात तीच संघटना मिशिगन विद्यापीठाच्या, म्हणजे वंशाचा विचार करणाऱ्या प्रवेशपद्धतीच्या बाजूने गेली. तेव्हा ज्यू म्हणजे अमुक मताचे, असं समीकरण मांडताच येत नाही. पक्षांचंही तेच. एप्रिल २०२४मध्ये इस्रायलच्या मदतीचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६६ विरुद्ध ५८ मतांनी मंजूर झालं. विरोधात ३७ डेमोक्रॅट होते, तसे २१ रिपब्लिकनही होते.

२०२५मध्ये ट्रम्प सरकारने पैशाच्या जोरावर ही गाठ आणखी आवळली. आधी ज्यूद्वेषाचं कारण देऊन कोलंबिया विद्यापीठाचं ४० कोटी डॉलरचं अनुदान रद्द केलं. मग ११ एप्रिलला हार्वर्डला पत्र गेलं: डीईआय बंद करा, प्रवेश आणि नेमणुका बदला, शिवाय प्रत्येक विभागात मतांचं वैविध्य आहे का ते तपासू द्या. एक वैविध्य बंद करायचं आणि दुसरं सरकारी देखरेखीखाली आणायचं! हार्वर्डने नकार दिला आणि दोन अब्ज डॉलरहून जास्त निधी गोठला. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ही कारवाई बेकायदा ठरवली आणि सरकारने ज्यूद्वेषाचा मुद्दा आडोशासारखा वापरला असं नमूद केलं.

ज्यू विद्यार्थ्यांची भीती खरी होती, म्हणूनच तिचा असा वापर मला जास्त खटकतो. आणि गाझातल्या मृतांसाठी रस्त्यावर आलेल्या मुलांना वैविध्य कार्यालयांची पैदास ठरवणं, हाही मला तितकाच अन्याय वाटतो.