पायात चप्पल होती म्हणून भरपाई बुडत नाही

प्रश्न : वय 35. ठेकेदाराकडे झाडांची छाटणी करतो, हजेरी 700 रुपये. मे 2025 मध्ये नगरपरिषदेच्या कामावर रस्त्याकडेची फांदी कापताना चेनसॉ (साखळीची यांत्रिक करवत) उसळला आणि डाव्या पायाचा अंगठा मुळापासून गेला. पायात चप्पल होती. ठेकेदार म्हणतो, बूट दिले होते, तू घातले नाहीस. 30 हजार घे आणि स्टॅम्पपेपरवर सही कर. टेम्पोत सहा जणांत दोनच जोड होते, दोन्ही 9 नंबरचे. मला 7 नंबर लागतो. काय करू?

उत्तर : सही करू नका. आधी त्या बुटांचे फोटो मिळवा, टोळीतल्या कुणाकडून मिळाले तरी चालतील. जिभेवरचा नंबर, तळवा आणि आयएस 15298 (सुरक्षा बुटांचे भारतीय मानक) चा शिक्का आहे की नाही, हे स्पष्ट दिसले पाहिजे.

कामावर आणि कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, त्याची चूक असो वा नसो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 चे कलम 3 हेच सांगते. (त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली, पण तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा धरायचा.) याच कलमात ठेकेदाराला एक पळवाट आहे. सुरक्षेसाठी दिलेले साधन तुम्ही जाणूनबुजून वापरले नाही आणि इजा थेट त्यामुळेच झाली, हे त्याने सिद्ध केले पाहिजे. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. दोन नंबर मोठ्या बुटात टाच सरकते. तसा बूट घालून फांदीवर चढणे चपलेइतकेच धोक्याचे. सहा जणांत दोन जोड म्हणजे बूट 'दिले' असे मी तरी म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा सहसा कुणी मांडत नाही. साध्या सेफ्टी शूजची पोलादी वाटी 200 जूलचा आघात झेलते, पण ती बोटांच्या पुढच्या भागावरच असते. तिच्यामागचे चामडे चालती साखळी अडवत नाही, आणि तुमचा घाव अंगठ्याच्या मुळाशी आहे. चेनसॉसाठीचे बूट वेगळे असतात : आयएसओ 17249 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, साखळीच्या 20, 24, 28 मीटर प्रतिसेकंद अशा वेगांना तपासलेले. टेम्पोत तसे नव्हते, तर 'बूट असते तर अंगठा वाचला असता' हे ठेकेदाराला दाखवता येणे कठीण.

आता रक्कम. अंगठा मुळाच्या सांध्यातून गेला असेल तर पहिल्या अनुसूचीप्रमाणे कमाईच्या क्षमतेची हानी 14 टक्के. तुमचे महिन्याचे वेतन 15 हजारांच्या वर जात असले तरी हिशेबाला 15 हजारच धरतात. त्याचे 60 टक्के 9,000. कायद्यात वयानुसार दिलेला 35 व्या वर्षाचा गुणक 197.06, गुणाकार 17,73,540. त्याचे 14 टक्के म्हणजे सुमारे 2,48,296 रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय. ठेकेदाराने दवाखान्यात भरलेले पैसे यातून वजा होत नाहीत. महिन्याभरात न दिल्यास वार्षिक 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. सुताराचा हात गेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंगत्व मानले होते (1975), पण अंगठ्यावर तो आधार ताणून दावा फुगवू नका.

स्टॅम्पपेपरला घाबरू नका. हक्क सोडणारा करार कलम 17 ने रद्दबातल आहे. खरी तडजोड करायची तर तिचा मसुदा नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो.

ठेकेदार पळाला तर? कलम 12 खाली नगरपरिषदेकडूनही मागता येते. 'आमचा हा धंदा नाही' असे ती म्हणू शकत नाही, कारण स्थानिक संस्थेचे कामकाज याच कायद्याच्या कलम 2(2) ने धंदाच मानले आहे. माहिती अधिकारात कार्यादेश, निविदेतल्या सुरक्षेच्या अटी आणि बिलाला जोडलेले कामाचे फोटो मागा. त्या फोटोंत टोळीचे पाय दिसतात, आणि चपलाच दिसल्या तर 'बूट दिले होते' हे वाक्य तिथेच संपते.

एक आधी तपासा : ठेकेदाराने तुम्हाला ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नोंदवले आहे का. असल्यास लाभ तिथून मिळतो आणि हा दावा चालत नाही.

नसल्यास ठेकेदार आणि नगरपरिषदेचे मुख्याधिकारी दोघांना नोंदणीसह स्पीड पोस्टाने लेखी नोटीस द्या : तारीख, जागा, इजा, मागणी. एमएलसीची (दवाखान्याने पोलिसांसाठी केलेली अपघाताची) नोंद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, डॉक्टरांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि हजेरीचा पुरावा जोडा. हजेरीपट ठेकेदाराकडेच असेल तर मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज आणि टोळीतल्या दोघांचे जबाब कामी येतात. अर्ज कामगार न्यायालयात, नुकसानभरपाई आयुक्त म्हणून काम पाहणाऱ्या न्यायाधीशांसमोर करायचा. तुम्ही राहता त्या भागातही तो दाखल होतो. मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे मे 2027. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.